स्वयंपाकघरातला गॅस, करंट आणि जळण कसं वाचवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत आज ओट्यावर गॅस, शेजारी इंडक्शन आणि परसात चूल किंवा बंब अशी दोन-तीन इंधनं एकाच वेळी चालू असतात. म्हणून खालची उत्तरं एकेका इंधनापुरती नाहीत. कुठलं काम कशावर करायचं, हेही त्यात आलं आहे.

आमचं सिलिंडर लवकर संपतं. ते किती दिवस पुरायला हवं?

दिवसांवरून नीट अंदाज येत नाही. पाहुणे आले, सण आला की हिशोब बदलतो. वजन करा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या गळ्याजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, बहुधा १५ ते १६ किलोच्या दरम्यान. नवीन सिलिंडर आलं की ते देणाऱ्यासमोरच काट्यावर ठेवायला सांगा. रिकाम्याचं वजन अधिक १४.२ एवढा आकडा यायला हवा. पुढे दर रविवारी सगळे बर्नर आणि रेग्युलेटर बंद करून, रेग्युलेटर काढून, सिलिंडर ताणकाट्याला लावा आणि वजन कॅलेंडरवर लिहा.

चार-पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक आणि चहा एवढंच गॅसवर होत असेल, तर रोज ३०० ग्रॅमच्या आसपास खप ठीक आहे. म्हणजे सिलिंडर दीड महिना जातं. रोजचा खप साडेचारशे ग्रॅमच्या वर गेला तर आधी बघा, आंघोळीचं पाणी गॅसवर तापतंय का. बहुतेक घरांत उत्तर तिथेच सापडतं.

आंघोळीच्या पाण्याला असा किती गॅस लागतो?

२० लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ अंशांवर आणायला साधारण ६० ग्रॅम. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे रोज २४० ग्रॅम, महिन्याला सात किलोच्या वर. अर्धं सिलिंडर नुसतं न्हाणीत गेलं.

विजेच्या गिझरवर त्याच बादलीला साधारण अर्धं युनिट लागतं, म्हणजे चार माणसांचे महिन्याला ६० युनिट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे गृहज्योतीच्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट करंटच्या योजनेच्या, प्रश्नात तो परत येणार आहे. परसात जागा असेल तर बंब हेच या कामासाठी सगळ्यात चांगलं. नारळाच्या शेंड्या, करवंट्या, चिपाडं, कणसांची बुरकुंडं असं स्वयंपाकाला न चालणारं जळण बंबात चालतं. गच्चीवर सौर बंब असेल तर उन्हाळ्या-हिवाळ्यात प्रश्नच नाही. जून ते सप्टेंबर मात्र इथल्या आभाळात तो पुरा पडत नाही, तेव्हाची सोय वेगळी ठेवावी लागते.

उकळी आल्यावर आच बारीक करा, असं सगळे सांगतात. त्यानं खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ११ ग्रॅम गॅस लागतो. तेच पाणी वाफ करून संपवायचं म्हटलं तर ८० ग्रॅम लागतो. आणि भांड्यात एकदा उकळी आली की आच कितीही मोठी केली तरी पाणी आणखी गरम होत नाही, फक्त वाफ जास्त होते. बटाटे खदखदा उकळणाऱ्या पाण्यात असोत की बारीक बुडबुडे येणाऱ्या पाण्यात, शिजायला सारखाच वेळ घेतात.

मोठ्या बर्नरवर, पूर्ण आचेवर, भातासाठी ठेवलेलं आधण दहा मिनिटं झाकणाविना खदखदू दिलं तर पाव लिटरहून जास्त पाणी उडून जातं. त्यात २० ते २५ ग्रॅम गॅस गेला. दोन लिटर आधण आणायला लागला असता तेवढा. तेव्हा आधण ठेवतानाच झाकण ठेवा, उकळी आली की तांदूळ वैरा, परत उकळी आली की बर्नर सिमवर न्या आणि झाकण थोडं कलतं ठेवा, म्हणजे उतू जात नाही.

आमटीतही पाणी आधी जास्त ओतून नंतर आटवू नका. लागेल तेवढंच घाला, पातळ हवी असेल तर शेवटी गरम पाणी वाढवा.

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या नातेवाइकांकडे डाळ लवकर शिजते, आमच्याकडे नाही. डाळ वाईट आहे का?

डाळ चांगली असेल तरी असं होतं, कारण बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून इथे पाणी १०० ऐवजी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. अडीच अंश कमी वाटतात, पण उघड्या भांड्यात हरभरा किंवा पावटा शिजवताना ते जाणवतात.

दुसरं कारण पाणी. बोअरच्या जड पाण्यातला चुना कडधान्याच्या सालीला घट्ट करतो. भिजवायला आणि शिजवायला दोन्ही वेळा नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. ते नसेल तर भिजवताना चिमूटभर खायचा सोडा टाका आणि ते पाणी ओतून द्या.

तिसरं, आंबट. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी घातलं की दाणा मऊच होत नाही, कितीही गॅस जाळा. आंबट नेहमी दाणा बोटात चेपला गेल्यावर. अख्ख्या मसुराच्या आमटीत ही चूक फार होते, कारण फोडणीत टोमॅटो परतून त्यावरच कच्चा मसूर टाकला जातो. मसूर वेगळा शिजवून मग फोडणीत घाला.

चौथं म्हणजे जुना माल. दोन वर्षं डब्यात पडलेले हुलगे किंवा पावटे भिजूनही कडक राहतात. ते मोड आणून किंवा दळून वापरा.

काय किती वेळ भिजवायचं?

हरभरा, पावटा, वाटाणा ८ ते १० तास. मूग, मटकी ६ तास. अख्खा मसूर २ ते ३ तास. तूरडाळ अर्धा तास पुरे. तांदूळ २० मिनिटं. खानापूरकडचा उकडा तांदूळ मात्र तासभर तरी भिजू द्या, त्याला एरवी साध्या तांदळापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. डिसेंबरच्या थंडीत भिजवायला कोमट पाणी घ्या, नाहीतर सकाळी दाणा अर्धाच फुगलेला मिळतो.

कुकरच्या किती शिट्ट्या काढायच्या?

शिट्ट्या मोजणं सोडा, मिनिटं मोजा. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर फेकली गेली. पहिली शिट्टी होईपर्यंत मोठी आच, मग लगेच सिमवर. नंतर वजनाच्या खालून बारीक फुसफुस येत राहिली तरी आतलं तापमान १२० अंशांच्या जवळपास टिकून असतं. सिमवर तूरडाळीला ५ ते ६ मिनिटं, भिजवलेल्या हरभऱ्याला १२ ते १५, अख्ख्या मसुराला ४, साध्या तांदळाला ३. मग गॅस बंद करा आणि दाब आपोआप उतरू द्या. त्या आठ-दहा मिनिटांतही आत शिजणं चालूच असतं. घाईनं वजन उचलून वाफ सोडली की ती फुकटची शिजवणी गेली.

डब्यांचा कुकर लावताना तळाला दीड-दोन कप पाणी पुरतं. लिटरभर ओतलं तर ते तापवायलाच वेळ आणि गॅस जातो. भात खाली, डाळ मध्ये, वर बटाटे किंवा भाजी अशी एकाच वेळी लावा. थेट कुकरात डाळ शिजवत असाल तर अर्ध्याहून जास्त भरू नका. डाळीचा फेस वाफेच्या नळीत अडकतो.

कडेनं वाफ येत असेल तर दाब धरत नाही आणि पहिली शिट्टी यायलाच पंधरा मिनिटं लागतात. गास्केट काढून बघा. ते कडक, चपटं झालं असेल किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसत असतील तर बदला. गास्केट त्याच कंपनीचं, त्याच मापाचं घ्या. वाफेची नळी दर वेळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते बघायची सवय ठेवा.

गॅस बंद करूनही अन्न शिजतं म्हणतात, ते कसं?

उष्णता कोंडून. भात, तूरडाळ, भिजवलेले मूग यांना हे छान जमतं. जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या पातेल्यात पदार्थ पाच मिनिटं पुरता उकळा. मग लगेच जुन्या वाकळेत किंवा जाड पोत्यात गच्च गुंडाळून टोपलीत ठेवा, खाली आणि वरही कापडाची घडी हवी. भात अर्ध्या तासात होतो, डाळीला तास लागतो. मधे उघडून बघायचं नाही. पातेलं किमान निम्म्याच्या वर भरलेलं हवं, थोड्या अन्नात उष्णता टिकत नाही. शिजल्यावर दोन तासांच्या आत जेवून घ्या, कोमट अवस्थेत दिवसभर ठेवू नका. राजमा या पद्धतीनं करू नका, त्याला खरी कडक उकळी लागते.

भाकऱ्यांना फार गॅस जातो. काय करता येईल?

जोंधळ्याची भाकरी मोठ्या आचेशिवाय फुगत नाही, तेव्हा आच कमी करून उपयोग नाही. वाचवायचं ते रिकाम्या तव्याखालचं. पहिली भाकरी काटवटीत थापून झाली की मग तवा ठेवा, पीठ मळायला घेताना नाही. लोखंडी तवा तापायला दोन-तीन मिनिटं पुरतात. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो गोळी होऊन पळाला की तवा तयार.

त्यापुढे ताल महत्त्वाचा. एक भाकरी तव्यावर असताना दुसरी थापून व्हायला हवी. तुम्हाला थापायला वेळ लागत असेल तर आधी सगळ्यांचे उंडे करून ठेवा. पीठ गरम पाण्यानं भिजवायचं असेल तर ते पाणी वेगळं न तापवता भाताच्या आधणातून घ्या. शेवटून दुसरी भाकरी उतरली की गॅस बंद करा, शेवटची तापलेल्या तव्यावर एका बाजूनं निघते, नंतर शेकायला अर्धं मिनिट ज्योत पुरे. आणि तवा गरम आहे तोवर त्यावर चटणीचे तीळ, शेंगदाणे, मिरच्या भाजून घ्या.

ज्योत पिवळी येते, भांड्याचं बूड काळं होतं. सिलिंडरमध्ये भेसळ आहे का?

भेसळीच्या आधी बर्नर बघा. पिवळी ज्योत म्हणजे गॅसला हवा कमी मिळते. बर्नरच्या टोपीची भोकं उतू गेलेल्या दुधानं, डाळीनं बुजतात. टोपी थंड झाल्यावर काढा, गरम पाण्यात खायचा सोडा आणि चिंच किंवा लिंबाची साल घालून अर्धा तास बुडवा, ब्रशनं घासा, भोकं टाचणीनं मोकळी करा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. ओली टोपी बसवली तर ज्योत फडफडते. टोपी खाचेत नीट बसली नाही तर एका बाजूची ज्योत मोठी, दुसरीकडची विझलेली असं दिसतं.

तरीही पिवळीच असेल तर शेगडीखाली नळीच्या तोंडाशी हवेची पट्टी असते, ती थोडी उघडून घ्यायची. हे आणि जेटचं काम मेकॅनिककडून करून घ्या. जेटच्या भोकात कधीही सुई, तार घालू नका. पितळेचं ते बारीक भोक जरा जरी मोठं झालं तरी गॅस कायमचा जास्त यायला लागतो, आणि मग कितीही काटकसर करा, सिलिंडर लवकरच संपणार. भोक मोठं झालंच असेल तर जेट नवीन टाका, तो स्वस्त असतो.

ज्योत निळी असूनही भांड्याच्या कडेनं वर येत असेल तर बर्नर भांड्यापेक्षा मोठा आहे. चहाचं पातेलं छोट्या बर्नरवरच ठेवा. पावसाळ्यात खिडकीतून पश्चिमेचा वारा थेट शेगडीवर येतो. ती खिडकी बंद करून दुसरी उघडा, सगळ्याच बंद करू नका.

नवीन शेगडी घ्यावी का?

आयएसआय चिन्ह असलेल्या शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. जुनी शेगडी साफ करून, जेट बदलून नीट चालत असेल तर घाई नाही. बर्नरची टोपी वितळून भोकं मोठी झाली असतील तर आधी नुसत्या टोप्या बदला.

गृहज्योतीत करंट फुकट आहे. मग सगळा स्वयंपाक इंडक्शनवर करू का?

हा इथला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर प्रत्येक घराच्या मीटरवर अवलंबून आहे. जुलै २०२३ च्या वापरापासून सुरू झालेल्या गृहज्योतीत सरसकट २०० युनिट फुकट मिळत नाहीत. २०२२-२३ सालातला तुमचा महिन्याचा सरासरी खप आणि त्यावर १० टक्के, एवढीच तुमची फुकटची मर्यादा असं मूळ सूत्र आहे. सरासरी ९० असेल तर ९९ युनिट. त्याच्या वर पण २०० च्या आत गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे. २०० ओलांडले की त्या महिन्याचं सगळं बिल भरावं लागतं.

आता गॅसचं युनिटात रूपांतर करू. एका सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांएवढी उष्णता असते. शेगडीवर त्यातली ६० टक्क्यांच्या आसपास भांड्यात पोचते, म्हणजे १०८. इंडक्शनवर ८५ टक्के पोचते धरलं, तर तेवढंच काम करायला साधारण १२५ ते १३० युनिट लागतील. सिलिंडर दीड महिना पुरणाऱ्या घरात महिन्याला सुमारे ८५ युनिट वाढतील. आधीच ११० युनिट वापरणारं घर १९५ वर जाऊन पोचलं. एप्रिल-मे मध्ये पंखे जोरात चालले, किंवा वर गिझरचे ६० आले, की २०० ओलांडलेच.

म्हणून आमचा सल्ला असा. हेस्कॉमच्या (आपल्या भागातल्या वीज कंपनीच्या) गेल्या बारा बिलांवरचा खप कागदावर उतरवा. बिलावर कन्नडमध्ये ‘बळके’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ वापर. तुमच्या फुकटच्या मर्यादेत दर महिन्याला २०-२५ युनिट शिल्लक राहत असतील तर चहा, दूध, पाणी उकळणं, कुकर एवढं इंडक्शनवर न्या. भाकरी, फोडणी गॅसवर राहू द्या. शिल्लक राहत नसेल तर तुमचा युनिटचा दर आणि सिलिंडरचा आजचा दर घेऊन वरच्या आकड्यांनी हिशोब करा. मीटर दर आठवड्याला बघा, बिल आल्यावर नाही.

इंडक्शनला कोणती भांडी चालतात? मधेच बंद का पडतं?

ज्याच्या बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटतं ते. तांबं, पितळ, साधं ॲल्युमिनियम चालत नाही. बूड सपाट हवं. भांडं खोलगट झालं असेल तर मध्ये पोकळी राहते आणि घूं घूं आवाज येतो.

२००० वॅटचं इंडक्शन साडेआठ-नऊ अँपिअर ओढतं, त्यामुळे ते ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावलं की सॉकेट तापून काळं पडतं. १६ अँपिअरचं सॉकेट आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. एक्स्टेन्शन बोर्डावर कधीच नको. व्होल्टेज फार उतरलं किंवा खालची हवेची जाळी धुळीनं, तेलकटीनं भरली तर यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं. जाळी महिन्यातून एकदा पुसा आणि मागे चार बोटं जागा सोडा.

मिक्सर रोज चालवला तर बिल वाढतं का?

नगण्य. ७५० वॅटचा मिक्सर पाच मिनिटं चालला तर युनिटाचा सोळावा भाग. त्यापेक्षा फ्रीजकडे लक्ष द्या.

मग फ्रीज किती खातो, ते कसं कळेल?

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटाला किती लुकलुकी ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना एक मिनिट लुकलुकी मोजा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला ८ आल्या तर फ्रीज त्या वेळी १५० वॅट ओढतो आहे. कॉम्प्रेसर तासातली किती मिनिटं चालतो तेही बघा. पाऊस-थंडीच्या दिवसांतही तो जवळजवळ थांबतच नसेल तर काहीतरी बिघडलं आहे.

बहुतेक वेळा दाराचं रबर. दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून गारवा जातो. रबर साबणाच्या कोमट पाण्यानं पुसा, तरी सैल असेल तर बदला. भिंतीपासून चार इंच पुढे, शेगडीपासून लांब. साध्या एकदारी फ्रीजमध्ये बर्फ अर्ध्या सेंटिमीटरहून जाड झाला की वितळवा, पण सुरीनं खरवडू नका, नळी फुटते. दूध पूर्ण निवल्यावरच आत.

पावसाळ्यात जळण ओलं असतं, चूल धुरकटते. उपाय?

उपाय मिरगाच्या आधीच करायचा. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणीच असतं आणि चुलीची आच आधी ते पाणी उडवण्यात जाते. लाकूड मनगटाएवढं फोडून फाल्गुन-चैत्रात आडवं-उभं रचा, खाली दोन विटा ठेवून जमिनीपासून वर. वाळलेल्या दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज येतो आणि टोकांना तडे दिसतात. पावसात दिवसभराचं जळण आदल्या रात्री विझत्या चुलीजवळ ठेवा, अगदी चुलीवर नको.

चुलीचं तोंड लाकडांनी गच्च भरू नका, खालून हवा जायला जागा हवी. राख रोज काढा. वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, नेहमी काहीतरी असू द्या, निदान हात धुवायचं पाणी. नवीन चूल घालणार असाल तर जाळी आणि धुराडं असलेली घाला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तयार झालेली ‘अस्त्र ओले’ याच तत्त्वावर आहे. ओले म्हणजे कन्नडमध्ये चूल. तिच्यात एकाच जाळावर तीन भांडी बसतात.

घरी चार जनावरं आहेत. गोबर गॅस परवडेल का?

जनावरं गोठ्यात बांधलेली असतील तर जरूर. २ घनमीटरच्या प्लांटला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. रानात चरणाऱ्या जनावरांचं अर्धं शेण बाहेर पडतं, ते धरू नका. नीट चाललेल्या अशा प्लांटचा गॅस रोज पाऊण ते एक किलो सिलिंडरच्या गॅसएवढं काम करतो. थंडीत उत्पन्न घटतं, तेव्हा पाणी कोमट घालून कालवा. गोठा धुतलेलं फिनाइलचं पाणी आत गेलं तर गॅस देणारे जिवाणू मरतात आणि प्लांट आठवडेच्या आठवडे बंद पडतो. शेगडी गोबर गॅससाठीचीच हवी.

सिलिंडर संपत आल्यावर आडवं केलं, गरम पाण्यात ठेवलं तर उरलेला गॅस निघतो का?

हे करू नका. आडवं केल्यावर पातळ गॅस नळीत येतो आणि बर्नरवर भडका उडतो. थंडीच्या सकाळी ज्योत बारीक वाटली तर सिलिंडर घरातल्या उबदार बाजूला उभंच ठेवा.

थोडी गळती असेल तर कळतं कसं?

जोडांवर आणि नळीवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे वाढत गेले की गळती. काडी ओढून तपासू नका. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख तिच्यावरच छापलेली असते. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, विजेच्या कुठल्याही बटणाला हात नको, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन.

आमच्या गल्लीत पाइपचा गॅस आला. जुनी शेगडी चालेल?

जेट बदलून चालेल. पाइपच्या गॅसमध्ये घनमीटरमागे उष्णता कमी आणि दाबही कमी, म्हणून मोठ्या भोकाचे जेट लागतात. जुनेच ठेवले तर ज्योत केविलवाणी येते आणि चहालाही वीस मिनिटं लागतात. खप मोजायला मात्र हा गॅस सगळ्यात सोपा, मीटर दारातच असतो. १४.२ किलोचं सिलिंडर म्हणजे ढोबळमानानं १८ घनमीटर, या हिशोबानं जुन्या खपाशी ताडून बघा.